पिंग जातंय, यूट्यूब चालतंय, पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर नुसतं गोल गोल फिरतंय (फायबर घेतल्यापासून)

शाखा_नंबर_तीन

नमस्कार मंडळी. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे, म्हणजे पगारपत्रकावर क्लार्क, पण प्रिंटर अडकला किंवा नेट गेलं की हाक मलाच. शाखेत ९ पीसी, एक स्विच आणि राउटर म्हणून एक जुना पीसी, त्याच्यावर आधीच्या माणसाने लिनक्स टाकून फायरवॉल केलाय. तो माणूस आता दुबईला असतो. पासवर्ड डायरीत लिहून गेला म्हणून बरं.

मागच्या सोमवारपर्यंत केबलवाल्याचं नेट होतं, वायर खोचली की चालू, युजरनेम वगैरे काही नाही. आता फायबर घेतलं, १०० एमबीपीएसचं. ह्याला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत) डायल करावं लागतं, त्यांचा डबा ब्रिज मोडला आहे, म्हणजे तो नुसता पुढे सोडतो, आणि डायलिंग आमच्या लिनक्सवरून होतं. तेव्हापासून हे असं सुरू झालंय की गुगल, यूट्यूब एकदम मस्त, स्पीड टेस्टला ९४ दाखवतं, पिंग कुठेही मारा एक पण ड्रॉप नाही, पण आमचं हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर, जे ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसवर उघडतं, ते उघडतच नाही, टॅबवर चक्र फिरत बसतं आणि शेवटी टाइम आउट. एक सरकारी पोर्टल पण सेम तसंच करतंय. बाकी साइट्स ओके.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं उघडतं. फायबरवाल्यांचा पोरगा आला, त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट डब्याला लावला, तिथून डायल केलं आणि आमचं सॉफ्टवेअर फटकन उघडून दाखवलं. "लाइन ओके आहे सर, तुमच्याकडेच काहीतरी आहे" म्हणून सही घेऊन गेला. सॉफ्टवेअरवाले म्हणतात बाकीच्या ११ शाखा व्यवस्थित चालतायत. संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन काउंटरला उभे असतात आणि मॅनेजर साहेब माझ्याकडे बघत असतात. दोन दिवस शाखा माझ्या मोबाईलच्या डेटावर चाललीय.

कोणी जरा मराठीत समजावून सांगेल का, व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरायला लागलंय.

वायफाय_वाघ

डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) बदल भावा, ८.८.८.८ टाक. नाय झालं तर आयपीव्ही६ बंद, ब्राउझरची कॅश साफ, राउटर रिस्टार्ट. बहुतेक वेळा ह्यातच असतं.

शाखा_नंबर_तीन

सगळं करून झालं दादा. एनएसलुकअप मारलं तर सॉफ्टवेअरच्या नावाचा आयपी बरोबर येतोय, मोबाईलवर येतो तोच. आयपीव्ही६ आमच्याकडे चालूच नाही. रिस्टार्ट तर इतक्या वेळा केलंय की बटण ढिलं झालं.

रात्रपाळी

डीएनएस नाही हे. नाव सापडतंय, कनेक्शन लागतंय आणि मग शांतता, आणि हे नेमकं केबलवरून पीपीपीओईवर आल्यावर सुरू झालं. मला एमटीयूचा (लाइनवरून जास्तीत जास्त किती मोठं पॅकेट जातं त्या आकड्याचा) वास येतोय पण अंदाजाने औषध द्यायला नको, दोन गोष्टी करून बघ.

एक, शाखेतल्या विंडोज पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघड आणि पिंगला डॅश एफ आणि डॅश एल १४७२ लावून १.१.१.१ ला मार. डॅश एफ म्हणजे "वाटेत तुकडे करू नका" आणि डॅश एल म्हणजे आतला माल किती बाइट. मग तेच १४६४ ने. तू आत्तापर्यंत जी पिंग मारत होतास ती विंडोजची साधी, ३२ बाइटची. सायकल पुलाखालून जाते म्हणून उसाची ट्रॉली पण जाईल असं थोडंच आहे.

दोन, त्याच पीसीवर वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) टाक, कॅप्चर सुरू कर, सॉफ्टवेअर उघडायचा प्रयत्न कर, चक्र फिरायला लागलं की अर्ध्या मिनिटाने थांबव. सर्व्हरच्या आयपीचा फिल्टर लाव आणि पहिल्या दहा-बारा ओळी इथे लिही. आयपी लिहू नकोस, फक्त कोणाकडून कोणाकडे, लेन्थ आणि इन्फोच्या रकान्यात काय आहे ते.

शाखा_नंबर_तीन

केलं.

१४७२ ने: पहिली ओळ "रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१, पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड बट डीएफ सेट", पुढच्या तीन ओळींत तेच वाक्य पण आयपी नाही. १४६४ ने: चारही रिप्लाय आले.

वायरशार्क: मी सिन पाठवला, त्यात एमएसएस १४६०. सर्व्हरकडून सिन-ॲक, त्यात पण एमएसएस १४६०. माझा ॲक. मग माझं क्लायंट हॅलो, ५१७ बाइट. सर्व्हरचा ॲक आला. त्यानंतर सर्व्हरकडून एक पॅकेट ८४२ बाइटचं, काळ्या पट्टीत, "टीसीपी प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड". मग माझ्याकडून "डुप ॲक", त्यात ॲक १, एसएलई २९२१, एसआरई ३७६३ असं काहीतरी. मग काहीच नाही, नुसती शांतता. वायरशार्कने पॅकेट पकडायचं चुकवलं का?

रात्रपाळी

अरे वा, एवढं नीट लिहून देणारे आमच्याकडे कस्टमर असते तर माझ्या अर्ध्या रात्री वाचल्या असत्या. वायरशार्कने काही चुकवलेलं नाही, ते पॅकेट तुझ्यापर्यंत आलंच नाही. चहा घेऊन बस, लांबलचक आहे. सिन, सिन-ॲक, ॲक म्हणजे कनेक्शन जोडतानाची बोलाचाली, एमएसएस म्हणजे एका पॅकेटात कमाल किती माल पाठवा ते, आणि क्लायंट हॅलो म्हणजे एचटीटीपीएसची सुरुवात.

आधी ती शेवटची, डुप ॲकची ओळ वाच, सगळी गोष्ट तिच्यात आहे. तुझा पीसी सर्व्हरला म्हणतोय, मला अजून पहिल्या बाइटपासूनच हवंय, पण मधूनच २९२१ ते ३७६३ एवढा तुकडा मिळालाय. म्हणजे १ ते २९२० गायब. २९२० म्हणजे १४६० चे बरोब्बर दोन. सर्व्हरने हॅलोच्या उत्तरात सर्टिफिकेट वगैरे पाठवलं, ते साधारण पावणेचार हजार बाइटचं होतं, त्याचे तीन तुकडे झाले, दोन पूर्ण भरलेले आणि एक उरलंसुरलं ८४२ चं. भरलेले दोन्ही मेले, उरलंसुरलं पोचलं. लाइन खराब असती तर असं निवडून निवडून मेलं नसतं, कधी हे कधी ते असं झालं असतं. इथे आकार बघून मरतंय.

आता का. इथरनेटवर एका पॅकेटला कमाल १५०० बाइट. त्यात आयपीचा हेडर २० आणि टीसीपीचा २०, उरले १४६०, तो तुझा एमएसएस. पीपीपीओई ह्या १५०० मध्येच स्वतःचे ८ बाइट घुसवतं, ६ त्याचे आणि २ पीपीपीचे, म्हणजे तुझ्या फायबरवर आयपी पॅकेट १४९२ च्या वर जाऊच शकत नाही. पिंगचं गणित पण तेच, १४६४ अधिक २८ हेडरचे, झाले १४९२, गेलं. १४७२ अधिक २८ म्हणजे १५००, अडलं. अडलं तेव्हा तुझ्याच लिनक्स डब्याने, तोच १९२.१६८.१.१, तुला सांगितलं की बाबा मोठं होतंय. नंतरच्या तीन ओळींत आयपी नव्हता कारण तोवर विंडोजने ते लक्षात ठेवलं होतं आणि पॅकेट बाहेर न सोडता घरातच नाही म्हणालं.

म्हणजे जाताना सगळं ठीक आहे. बोंब आहे ती येताना. तुझ्या पीसीला फक्त त्याची लॅन दिसते, ती १५०० ची, म्हणून तो जगाला सांगतो "मला १४६० पर्यंत पाठवा". सर्व्हर तेवढं पाठवतो, वर "तुकडे करू नका" असा शिक्का मारून. ते १५०० चं पॅकेट फायबर कंपनीच्या त्या राउटरपाशी येतं जिथून तुझं पीपीपीओई सुरू होतं, तिथे मावत नाही, तुकडे करायची परवानगी नाही, मग तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि सर्व्हरला एक आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत, पिंग पण त्यातच येतं) चिठ्ठी पाठवतो, टाइप ३ कोड ४, "१४९२ च्या आत पाठव". ह्या चिठ्ठीवर सगळी योजना उभी आहे, पाथ एमटीयू डिस्कव्हरी म्हणतात, १९९० पासूनची आहे. आणि तुमच्या सर्व्हरच्या फायरवॉलवर कोणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलंय. चिठ्ठी दारातच फाडली जाते. सर्व्हरला वाटतं पॅकेट हरवलं, तो पुन्हा तेवढंच मोठं पाठवतो, ते पुन्हा मरतं. तुला दिसतं गोल चक्र.

फायबरवाल्या पोराचा लॅपटॉप का चालला? कारण डायल विंडोजनेच केलं. स्वतः पीपीपीओई करताना विंडोज त्या कनेक्शनचा एमटीयू १४८० धरतं आणि सर्व्हरला आधीच कमी एमएसएस सांगतं, त्यामुळे प्रश्नच येत नाही. पोरगा खोटं बोलला नाही पण त्याने तपासलं ते तुझं नेटवर्क नव्हतं. हॉटस्पॉटचं पण तसंच, मोबाईलवाल्यांच्या आत सगळं बोगद्यातूनच जातं म्हणून ते एमएसएस वाटेत छाटूनच देतात. यूट्यूब क्रोममध्ये बहुतेक क्विकवर चालतं, म्हणजे टीसीपी सोडून यूडीपीवर, ते साधारण १२०० बाइटपासून सुरुवात करून जेवढं मावतं तेवढंच वाढवतं. बाकी साइट्स चालतायत कारण त्यांचे फायरवॉल चिठ्ठ्या आत घेतात.

उपाय तुझ्या हातातला: लिनक्स डब्यावर आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांच्या) मँगल टेबलात, फॉरवर्ड चेनमध्ये, जाणाऱ्या-येणाऱ्या सिन पॅकेटवर टीसीपीएमएसएस टार्गेट आणि "क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू" हा पर्याय. डबा मग वाटेत १४६० खोडून १४५२ लिहितो. पूर्ण ओळ त्याच्या मॅन पेजवर (लिनक्समधल्या माहितीच्या पानावर) उदाहरणात दिलीय, तशीच उचल. आणि ते पान वाचच, तिथे लक्षणं दिलीयत, ब्राउझर जोडतो आणि मग लटकतो, छोटे मेल जातात मोठे अडकतात, शब्दशः तुझीच तक्रार. वर आयसीएमपी अडवणाऱ्यांना लेखकाने सणसणीत शिवी पण हासडलीय.

वायफाय_वाघ

एवढं कशाला, ९ च तर पीसी आहेत. प्रत्येकाचा एमटीयू १४०० करून टाक, पाच मिनिटांचं काम.

एक्स्चेंजवाले_काका

वाघोबा, आज ९ आहेत. उद्या दहावा येईल, किंवा कोणीतरी विंडोज पुन्हा टाकेल, तेव्हा हे १४०० कोणाच्या लक्षात राहणार? आणि प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक मशीन, त्यांच्यात कुठे जाऊन बदलणार. वर १४०० केलंत की शाखेतल्या शाखेत फाइल कॉपी करताना पण पॅकेट लहान. बारीक गल्ली आहे ती दाराबाहेर, घरातल्या खोल्या कशाला लहान करायच्या.

मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालो. हा १५०० आकडा काही आकाशातून पडलेला नाही हो. १९८० ला इथरनेटचं पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा १० एमबीपीएसची एकच जाड केबल आणि सगळी मशीनं तिच्यावर, एक फुल पॅकेट चाललं की सुमारे १.२ मिलिसेकंद बाकीचे गप्प. मेमरी पण महाग. तेव्हा ठरलेला आकडा आज फायबरवर पण आपण ओढतोय. पीपीपीओई आलं १९९९ ला, डायल-अपवाल्यांची बिलिंगची आणि लॉगिनची घडी न मोडता ब्रॉडबँड द्यायचं म्हणून, आणि ते ८ बाइट तेव्हापासून लोकांना छळतायत. २००६ मध्ये पीपीपीओईवर पूर्ण १५०० न्यायची पण सोय निघाली पण त्याला दोन्हीकडच्या मशीनने मान्य करावं लागतं, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

शाखा_नंबर_तीन

रात्रपाळी ताई, नियम टाकला आणि सॉफ्टवेअर उघडलं!!! मॅनेजर साहेबांनी स्वतः चहा सांगितला. सरकारी पोर्टल पण उघडतंय.

पण तीन गोष्टी. एक, वायरशार्कमध्ये पुन्हा बघितलं तर माझ्या सिनमध्ये अजून १४६० च आहे, सर्व्हरच्या सिन-ॲकमध्ये मात्र आता १४५२. मग नियम अर्धाच लागलाय का? दोन, काही पॅकेट माझ्याकडून जाताना लेन्थ २९५८ दाखवतंय, १५०० ची मर्यादा आहे ना? तीन, दोन पीसीवर अजून काहीच चालत नाही, गुगल पण नाही.

रात्रपाळी

एक: पूर्ण लागलाय. तू कॅप्चर पीसीवर करतोयस, तिथे तुझा सिन अजून डब्यापर्यंत पोचलेलाच नाही, मग खोडलेला कसा दिसेल. लिनक्सवर टीसीपीडंप (वायरशार्कचाच भाऊ) पीपीपी-शून्य ह्या, फायबरकडच्या इंटरफेसवर लाव, तिथे १४५२ होऊन बाहेर पडताना दिसेल. कॅप्चर बघताना आपण वायरीवर नेमके कुठे उभे आहोत हे विसरलं की भलतेच निष्कर्ष निघतात, मी नवीन असताना ह्याच कारणाने एका गरीब स्विचला दोन तास दोषी धरलं होतं.

दोन: ते पॅकेट वायरीवर तसं जात नाही. विंडोज मोठा ठोकळा नेटवर्क कार्डाला देतं आणि तुकडे कार्ड करतं, वायरशार्क त्याच्या आधी बघतो. २९५८ म्हणजे दोन १४५२ आणि ५४ हेडरचे. दुर्लक्ष कर.

तीन: त्या दोन पीसीवर आयपीकॉन्फिग ऑल मार. आयपी काय आणि डीएचसीपी सर्व्हरच्या (पीसींना आयपी वाटणाऱ्याच्या) ओळीत काय आहे?

हां, आणि एक राहिलंच. आयपीटेबल्सचा नियम सेव्ह केलास का? नाहीतर डबा बंद होऊन चालू झाला की नियम गेला.

शाखा_नंबर_तीन

सेव्ह नव्हता केला 😅 दुपारी लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, डबा बंद, सगळं परत जैसे थे आणि मला वाटलं ताईंचा उपाय दोन तासांचाच होता. आता सेव्ह केला, मुद्दाम रिस्टार्ट करून बघितलं, टिकतोय.

त्या दोन पीसीवर आयपी १९२.१६८.०.१०३ आणि १०५, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१. आमचं तर १.१ आहे. हे शून्य कोण?

एक्स्चेंजवाले_काका

शून्य म्हणजे कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून लॅनच्या भोकात वायर खोचलीय. तो पण डीएचसीपी वाटतोय, ज्याची ऑफर आधी पोचेल त्याचं पीसी ऐकतो, म्हणून आज हे दोन, उद्या दुसरे दोन. ह्या पीसीवर एआरपी डॅश ए मारा, ०.१ समोर मॅक ॲड्रेस येईल, पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. पण खरं सांगू का, केबिन्स फिरा, लवकर सापडेल.

शाखा_नंबर_तीन

सापडला. मॅनेजर साहेबांच्या टेबलाखाली. साहेबांना मोबाईलला रेंज येत नाही म्हणून त्यांच्या मुलाने रविवारी लावून दिला. काढायला सांगायची हिंमत नाही.

एक्स्चेंजवाले_काका

काढू नका. त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला आपल्या रेंजमधला रिकामा आयपी द्या, आपला लिनक्स जे आयपी वाटतो त्याच्या बाहेरचा, आणि वायर लॅनच्याच भोकात राहू द्या. साहेबांची रेंज शाबूत. फक्त साहेबांचा मोबाईल आणि कॅशियरचा पीसी एकाच नेटवर्कात, हे मला पटत नाही, पुढे मॅनेज्ड स्विच घ्याल तेव्हा वायफाय वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कवर) टाका आणि डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, मग असले पाहुणे आपोआप अडतील.

आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो. बाराही शाखांना १९२.१६८.१ च असणार, पैज लावतो. कधीतरी हेड ऑफिसला शाखा व्हीपीएनने (नेटवरून खाजगी बोगदा करून) जोडायच्या असतील तेव्हा दोन शाखांना एकच पत्ता म्हणजे राउटरला कुठे पाठवायचं तेच कळत नाही. शाखा तीन आहे ना तुमची, मग १०.२०.३ घ्या, चारला १०.२०.४. पत्ता बघून शाखा कळते. आणि व्हीपीएन आलं की त्याचे हेडर पण त्या १४९२ मधूनच कापले जातात बरं, तेव्हा हाच धागा उघडून बघा.

शाखा_नंबर_तीन

काका, पैज जिंकलात, चार शाखांना फोन केला, सगळीकडे १९२.१६८.१.

हेड ऑफिसला मी मेल केला की सर्व्हरच्या फायरवॉलवर आयसीएमपी टाइप ३ कोड ४ सोडा. उत्तर आलं की "सुरक्षेच्या कारणास्तव पिंग बंद आहे, चालू करता येणार नाही". ताई, आता ह्यांना काय लिहू?

रात्रपाळी

असं लिही: "पिंग बंदच ठेवा, हरकत नाही. पिंग म्हणजे टाइप ८. आम्ही मागतोय ते टाइप ३ कोड ४, तेही फक्त आपल्या सर्व्हरवर आधीच चालू असलेल्या कनेक्शनशी संबंधित असेल तेवढंच आत घ्या, आपला फायरवॉल स्टेटफुल (चालू कनेक्शन लक्षात ठेवणारा) असेल तर तो हे ओळखतो. तीन नंबर शाखेने स्वतःपुरता इलाज केला आहे. पीपीपीओईवर येणाऱ्या पुढच्या शाखेला हीच अडचण येऊ शकते." सोबत तुझं पहिलं कॅप्चर जोड आणि ती ८४२ ची ओळ पिवळी करून दे. मी ड्युटीवर चालले.